चढाई कुणाची, गुण कुणाचा?

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉल संघाला नियमित हंगामात साधारण 12 सामने मिळतात. आज हरला तरी पुढचा शनिवार असतोच. वर्ध्याच्या एखाद्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला निघतो तेव्हा तेवढीही शाश्वती नसते. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. 32 संघ उतरले तर 31 पराभव आधीच ठरलेले, आणि एक सोडून प्रत्येक संघाचा हंगाम हरूनच संपायचा. विजयासाठीच खेळायचे म्हटले तर हा सगळा खटाटोप जवळजवळ सर्वांसाठी वाया गेला, असे मान्य करावे लागेल. तरी दरवर्षी पावसाळा ओसरला की मैदाने आखली जातात. ज्या वर्ध्यात विनोबा भावे यांनी 1930-31च्या हिवाळ्यात ‘गीताई’ हा गीतेचा मराठी अनुवाद लिहिला, तिथे तरी हा प्रश्न टाळता येऊ नये: फळाची आसक्ती सोडून स्पर्धा खेळता येते का?

येते, असे मला वाटते. आणि त्यासाठी खेळाडूने संत व्हायची गरज नाही. अठराव्या अध्यायात गीता कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगते: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना तऱ्हेच्या चेष्टा आणि दैव. कर्ता त्यांतला केवळ एक. कबड्डीचे नियम पाहिले तर जणू हाच हिशेब मांडलेला दिसतो. चढाईला 30 सेकंद. तेवढ्यात स्पर्श करून मध्यरेषा गाठायची. चढाईपटू पकडला गेला की बाहेर बसतो, आणि तिथून तो स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. मैदानावरच्या सहकाऱ्याने प्रतिस्पर्धी बाद केला की तो क्रमाने जिवंत होतो. मग परतल्यावर त्याने आणलेला गुण नेमका कुणाचा? त्याचा, त्याला उठवणाऱ्याचा, की कोपरा सांभाळून उभ्या राहिलेल्या मुलाचा? ‘माझा’ म्हणण्याइतके त्यात एकट्याचे काही उरत नाही. फळावर अधिकार नाही हा उपदेश म्हणून ऐकला की जड वाटतो. मैदानावर ती निव्वळ वस्तुस्थिती आहे.

फळ आपले मानले की काय होते, याचा एक दाखला याच जिल्ह्यात सापडतो. ऑक्टोबर 1940मध्ये पवनारला विनोबांपासून वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. त्याच डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला आली. अशा काळात धर्मवार संघांचे पंचरंगी क्रिकेट सामने खेळावेत की नाही, हे त्यांना विचारायचे होते. शाळेत असताना क्रिकेटपासून लांब राहिलेल्या गांधीजींनी नेमके बोट ठेवले. महाविद्यालया-महाविद्यालयांतले सामने आपण समजू शकतो, पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा आक्षेप चुरशीवर नव्हता. धाव फलंदाजाने काढायची आणि ती मालकीची व्हायची एका जमातीच्या, ही आसक्ती त्यांना खुपली असावी. ती स्पर्धा 1946मध्ये कायमची थांबली.

जिंकायची ओढच नसेल तर खेळ ढिला पडेल, हा आक्षेप नेहमीचा. तो फार वेळ टिकत नाही. गुण मिळवणे हा चढाईचाच भाग आहे, तो सोडला तर चढाई उरत नाही. बाहेरच्या कृतीला आतून मनाची जोड मिळते, तिला विनोबा विकर्म म्हणत. मन ओतायचे ते कृतीत. अवघड आक्षेप वेगळाच आहे. अनासक्तीने खेळलात तर डोके शांत राहते आणि जिंकण्याची शक्यता वाढते, असे हल्ली पुष्कळदा सांगितले जाते. पण मग अनासक्तीही जिंकण्याची एक युक्तीच झाली, म्हणजे सकामच. तिची परीक्षा विजयाने होऊच शकत नाही. ती होते स्पर्श झाला आहे आणि पंचाला दिसला नाही त्या क्षणी. किंवा बाकावरच्या पाच राखीव खेळाडूंपैकी ज्याला हंगामभर मैदान मिळाले नाही, तो सरावाला कसा येतो त्यावरून.

राहता राहिला पोटाचा प्रश्न, आणि तो सर्वांत खरा आहे. कापसाच्या भावावर घर चालणाऱ्या मुलाला खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीचे दार दिसत असेल, तर त्याला निष्काम हो म्हणणे हा भरल्या पोटाचा सल्ला ठरतो. हे मला नाकारता येत नाही. नोकरी हवी असण्यात काही वावगे नाही. अर्जुनालाही गीतेने राज्य नाकारायला लावलेले नाही. वावगे आहे ते एका बाद फेरीवर त्या मुलाचे सगळे भवितव्य टांगून ठेवणे, आणि ते त्याने केलेले नसते. फळाची चिंता त्याच्या डोक्यावर लादणारी व्यवस्था आधी स्वतः सकाम आहे. स्नेहसंमेलनात फक्त चषकासह परतलेल्या संघाला मंचावर बोलावणाऱ्या महाविद्यालयाने पहिल्याच फेरीत बाद झालेल्या मुलांना गीता ऐकवू नये.