वाटेत कोण भेटलं?

गेल्या वर्षी आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री माझ्या फोनवर एक पदक झळकलं. २५० किलोमीटर पूर्ण! आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण तेवढंच. मी मात्र आळंदीलाही गेलो नव्हतो आणि पंढरपूरलाही. सोसायटीच्या आवारात, ऑफिसच्या जिन्यावर, कधी रात्री गच्चीवर, अशी सव्वा महिना पावलं जमवत होतो. ॲपमधल्या नकाशावर एक ठिपका माझ्या वतीने चालत होता. लोणंद आलं की लोणंदचा फोटो, वाखरी आली की वाखरीचा.

मी आजीला पदक दाखवलं. म्हटलं, "आजी, माझी वारी झाली." तिने फोन डोळ्यांजवळ नेला, कौतुकाने हसली आणि विचारलं, "वाटेत कोण भेटलं रे?"

आजी चौदा वर्षं पायी वारीला गेली आहे. गुडघे गेले तेव्हा थांबली. तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. वारीहून आलेल्या कुणालाही ती हेच विचारते. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. गच्चीवर कोण भेटणार?

यावर सोपं उत्तर तयार आहे: पायी चालणं खरं, स्क्रीनवरचं खोटं. मीही तेच म्हणालो असतो. पण त्याच्या आदल्या वर्षी मी एक दिवस खरोखर चाललो होतो, पुणे ते सासवड. वारीतल्या मोठ्या टप्प्यांपैकी हा एक, मध्ये दिवे घाट. घाटाच्या एका वळणावरून खाली पाहिलं तर भगव्या पताकांची नुसती नदी. मी व्हिडिओ घेत होतो. कडेला एक म्हातारी बसली होती, चपलेचा अंगठा तुटलेला. तिने हात पुढे केला, "माउली, जरा उठव रे." मी म्हटलं, "आलोच." पालखीचा रथ वळणावर येत होता, तो क्षण सोडवेना. रथ पुढे गेला, गर्दीने मलाही पुढे ढकललं. मी परत गेलो नाही. तिला कुणीतरी उठवलंच असेल. माझं रील मात्र चांगलं चाललं.

म्हणजे त्या दिवशी माझे पाय दिवे घाटात होते, आणि तरी वाटेत मला कुणी भेटलं नाही.

इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख अनेकांनी वाचला असेल. त्या दिंडीबरोबर चालल्या. सगळे एकत्र चालतात, एकत्र गातात, पण जेवायच्या वेळी जातीप्रमाणे वेगळे बसतात, हे त्यांना दिसलं आणि लागलं. मैलोन्मैल खांद्याला खांदा लावून चालल्यावरही माणसं एकमेकांना न भेटता राहू शकतात. तेव्हा तर हातात फोनही नव्हता. दोष एकट्या स्क्रीनचा असता तर प्रश्न किती सोपा झाला असता.

आणि न जाता केलेली यात्राही आजची नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या उल्म शहरात फेलिक्स फाब्री नावाचा ख्रिस्ती साधू होता. तो दोनदा जेरुसलेमला जाऊन आला. मठाबाहेर पाऊल टाकायची मुभा नसलेल्या जोगिणींसाठी त्याने एक पुस्तक लिहिलं. रोज थोडं वाचायचं आणि मनाने तेवढी वाट चालायची. आपल्याकडे सावता माळ्यांबद्दल सांगतात की ते मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच अरणला आला. त्यांना कुणी कमी वारकरी म्हणत नाही. ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी परंपरेने दार कधी पूर्ण लावून घेतलं नाही.

२०२० साल आठवा. करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, बरोबर मोजकी माणसं. लाखो वारकरी घरी थांबले. त्या वर्षी न चालणं हीच वाटेवरच्या गावांची काळजी होती. आयुष्यात एकदाही वारी न चुकवलेला माणूस उंबऱ्याच्या आत बसून राहिला, तेव्हा त्याने रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचा विचार केला होता. त्याला मी वारी चुकली असं म्हणू शकत नाही.

मग फरक नेमका कुठे आहे? मला वाटतं, वाट तुमच्याकडे काही मागू शकते का, यात. गच्चीवरच्या माझ्या वाटेवर कुणी पाणी मागणारं नव्हतं, कुणाचा ताप नव्हता, कुणाच्या घोरण्याने झोप मोडत नव्हती. कंटाळा आला की ॲप बंद. ती वाट सर्वस्वी माझी होती, म्हणून तिच्यात दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. तब्येतीला फायदा झाला, आणि तेही वाईट नाही. पण वारीत जो तो दुसऱ्याला माउली म्हणतो, पाया पडतो. तिथे वाटेत भेटणारा माणूस हा देवाकडे जाताना लागणारा अडथळा नसतो.

कुणी म्हणेल, वारी विठ्ठलासाठी असते, समाजसेवेसाठी नाही. खरं आहे. पण उठायला हात मागणाऱ्या बाईला ओलांडून मी ज्याच्याकडे चाललो होतो, तो विठ्ठल होता की कॅमेऱ्यातला रथ, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

आजीकडे बघा. आता तीही स्क्रीनवरच वारी करते. सकाळी लाइव्ह लावते, आरतीला हात जोडते. मग फोन सुरू. दिंडीतल्या कुणाच्या पायाला फोड आलेत, कुणाची शुगर वाढली, ट्रकमधल्या सामानात ताडपत्री आहे की विसरली, सगळं तिला ठाऊक असतं. पेन्शनमधून दिंडीच्या पंगतीला पैसे पाठवते. रात्री दोनदा उठून पावसाचा अंदाज बघते. अंथरुणावर बसलेल्या तिला वाटेत रोज दहा माणसं भेटतात.

यंदा तिने मला काम लावलंय. तिच्या दिंडीतल्या एका मावशींची गोळ्यांची पिशवी पुण्यात राहून जाते, दरवर्षी. ती सासवडच्या मुक्कामी नेऊन द्यायची. "चालतच जा," आजी म्हणाली, "आणि घाटात कुणी हाक मारली तर थांब." दिवे घाटातली गोष्ट मी तिला कधीच सांगितलेली नाही.

फोन घरी ठेवून जाईन असं म्हणत नाही. मावशींचा तंबू कुठे आहे, हे विचारायला तो लागणारच आहे.