फडावरच्या मुलास जुनी विद्या कशाला?

केज तालुक्यांतील युसूफ वडगाव व त्याच्या आसपासचीं गांवें ह्यांस गळिताचा हंगाम नवा नाहीं. दिवाळी सरते न सरते तोंच मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें कोयता व भांडींकुंडीं घेऊन ऊंसाच्या फडाकडे निघतात, आणि पुष्कळदां मुलेंहि मागोमाग जातात. अशा घरांतील बापास कोणीं म्हटलें कीं, ‘तुमच्या मुलास व्याकरण, तर्क आणि प्राचीन ग्रंथ शिकवा,’ तर तो विचारील, ‘त्यानें पोट भरेल काय?’ प्रिय वाचकहो, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

अमेरिकेंत कित्येक ख्रिस्ती कुटुंबें व शिक्षक ज्या शिक्षणाकडे वळले आहेत, त्यास अभिजात ख्रिस्ती शिक्षण म्हणतात. इंग्लंडांतील लेखिका डोरोथी सेयर्स ह्यांनीं १९४७ सालीं ऑक्सफर्ड येथें एक व्याख्यान दिलें. शाळा मुलांस पुष्कळ विषय शिकवितात, परंतु विचार कसा करावा हें शिकवीत नाहींत, अशी त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनीं युरोपांतील जुना क्रम सुचविला: प्रथम व्याकरण, म्हणजे भाषेचा पाया, मग तर्क, म्हणजे खरेंखोटें निवडणें, शेवटीं वक्तृत्व, म्हणजे जें समजलें तें नीट सांगणें. १९८१ सालीं आयडाहो प्रांतांतील मॉस्को ह्या गांवीं ह्या धर्तीवर एक शाळा निघाली, आणि पुढें तशा अनेक निघाल्या. लॅटिन भाषा, प्राचीन ग्रंथ व पवित्र शास्त्र ह्यांचें शिक्षण तेथें एकत्र देतात. आपलें मूल केवळ कमावतें न होतां शहाणें व भलें व्हावें, म्हणून आईबाप ही वाट धरतात.

हेतु चांगला आहे. तरी आपल्या मनांत आणखी एक शंका उठते, आणि ती पोटाच्या शंकेहून खोल आहे. जुनी विद्या आपल्या देशांत पुष्कळ काळ कुंपण होऊन राहिली. ज्यांच्या पूर्वजांस त्या कुंपणाबाहेर उभें केलें, त्यांनीं आपल्या लेकरांस पुन्हां तिच्याच दारीं कां पाठवावें?

ह्याचें उत्तर एका मुलीनें दिलें आहे. मांग समाजांतील मुक्ता साळवे ही पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेंत शिकली. ती शाळा मिशनची नव्हती. पण जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. तीन वर्षें शिकून, सुमारें चौदाव्या वर्षीं, मुक्तेनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, व तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. तिचा विचार असा: वेद जर ब्राह्मणांचेच, आणि आम्हांस ते पाहण्याचीहि मोकळीक नाहीं, तर आम्ही धर्मग्रंथावांचून आहों, मग आमचा धर्म कोणता? विरोधकाचेंच म्हणणें घेऊन त्यांतून निघणारें अनुमान तिनें त्याच्यापुढें ठेविलें. ह्यासच तर्क म्हणतात. कुंपण मोडण्याचें हत्यार कुंपणाच्या आंतच ठेविलेलें होतें. तें हातीं आलें, तेव्हां एक लहान मुलगी सबंध समाजाच्या वतीनें बोलूं शकली.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण दुसऱ्या बाजूचें आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें रमाबाईंस शिकविलें. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता म्हणून गौरविलें. १८८३ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विद्या असतां त्यांनीं काय केलें? केडगांवीं दुष्काळांतून आणिलेल्या मुलींस आसरा दिला, त्यांस अक्षरांबरोबर हातचे धंदे शिकविले, आणि इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या. तें भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या जवळच्या अंबाजोगाईसहि दासोपंतांनीं वेदान्ताचा विषय मराठींत, एका लांबलचक पासोडीवर, लिहून ठेविला आहे. खऱ्या विद्येची खूण हीच कीं, ती उंच बसून राहत नाहीं. ज्यास कांहीं ठाऊक नाहीं त्याच्यापर्यंत ती उतरून येते.

आतां पोटाचा प्रश्न. भुकेल्या मुलास पुस्तक दाखवून भाकरी नाकारणें हें पाप होय. परंतु भाकरी दाखवून पुस्तक नाकारणें हेंहि त्याहून लहान पाप नाहीं. पौल गमलिएलाच्या चरणांपाशीं शिकला, आणि तंबूहि शिवीत असे. त्याच्या हातांनीं त्याच्या विद्येस कमीपणा आणिला नाहीं. तसेंच बिरुयाच्या लोकांनीं पौलाचें बोलणेंहि शास्त्राशीं ताडून पाहिलें, म्हणून त्यांची वाखाणणी झाली. जें मूल शब्द तोलावयास शिकलें, तें मुकादमाचा हिशोब तोलील, पुढाऱ्याचें भाषण तोलील, आणि उपदेशकबंधूंनो, तुमचा आमचा उपदेशहि तोलील. त्याचें भय आपणांस वाटूं नये.

ह्यासाठीं मोठी इमारत किंवा लॅटिनचा पंडित पाहिजे असें नाहीं. हंगामांत शक्य तेथें मुलास आजीआजोबांपाशीं ठेवून त्याची शाळा चालूं द्यावी. संध्याकाळीं उपदेशकानें त्यांस घटकाभर जवळ बसवावें. एकानें शास्त्रांतील अथवा एकाद्या चांगल्या ग्रंथांतील उतारा स्पष्ट वाचावा. दुसऱ्यानें ‘हें असें कां?’ म्हणून विचारावें. तिसऱ्यानें तें आपल्या शब्दांत घरच्यांस सांगावें. वाचणें, विचारणें, सांगणें: तो जुना क्रम हाच. एवढें झालें तर मूल उद्यां फडावर गेलें तरी केवळ कोयता धरणारा हात म्हणून जाणार नाहीं. विचार करणारा मनुष्य म्हणून जाईल, आणि आपल्या मुलांस तेथें न्यावें कीं न न्यावें, हें तो स्वतः ठरवूं शकेल.