घासलेला नंबर

आमची करिझ्मा २००४ सालची. हिरो होंडाने २००३ मध्ये ती आणली, तेव्हा २२३ सीसीची, अर्ध्या फेअरिंगची गाडी म्हणजे लांबच्या प्रवासाचे स्वप्न होते. पण आधी मायलेज विचारणाऱ्या आपल्या लोकांना तिची कदर उशिराच कळली. पसरणी घाट ती कधी कुरकुर न करता चढायची. एकदा कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम फाटला, पिकअप गेला. नाना पेठ पालथी घातली. शेवटी एका भंगारवाल्याकडे आख्खा कार्ब्युरेटर निघाला, आठशे रुपयांत. शेजारी एक इंजिन पडले होते, त्यावरचा नंबर घासलेला.

सोबतचा मिस्त्री म्हणाला, "भाईजान, तुम्ही नाही घेतला तर दुसरा घेईल. सुटलेली गाडी परत थोडीच जोडली जाणार?"

तर्क खोटा नव्हता. पण उद्याच्या गाडीचे काय? ज्या भागाला गिऱ्हाईक, त्याच्यासाठीच गाडी उचलली जाते. आणि या जुन्या गाडीचे गिऱ्हाईक आमच्यासारखे तिच्यावर जीव टाकणारेच. रात्री साखळी लावून जिला जपतो, तिच्या चोराला भावही आम्हीच देतो. हलाल-हरामचा विचार आपण बहुधा ताटापुरताच करतो.

रिकाम्या हाताने परतलो. चार महिने गाडी जिन्याखाली उभी राहिली, बॅटरीही गेली. मग कोंढव्यातल्या एका ओळखीच्यांनी त्यांची पडून असलेली करिझ्मा आरसी बुकासह दिली. बारा हजार मोजले. घरात अजून त्या आठशे रुपयांचे टोमणे ऐकतो.