कुंपणाची बाहेरची बाजू

सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वर मंदिरापासून 100 मीटरच्या आत मामांचं घर आहे. कुंपणाची भिंत ढासळलीय. पिंपळगावात आम्ही आमची सरळ गवंडी बोलावून बांधली. मामांना आधी परवानगी हवी. स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार या पट्ट्यात नवं बांधकाम बंद, डागडुजीलाही परवानगी लागते.

मामा म्हणतात, "जागा माझी, पैसे माझे, मग विचारायचं कुणाला?"

प्रश्न रास्त आहे. पण कुंपणाला दोन बाजू असतात. आतली मालक बघतो, बाहेरची देवळाकडे जाणारा प्रत्येक जण. म्हणून नियम मला पटतो. पटत नाही ते एवढंच: वारसा सगळ्यांचा, हेलपाटे एकट्या मामांचे. बाहेरच्या बाजूवर आपण हक्क सांगणार असू, तर तिच्या खर्चातही आपला वाटा हवा.