न लावलेले फूल

३ नोव्हेंबर २०१८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ येथे मँचेस्टर युनायटेडचा सामना झाला. युनायटेडने तो अगदी शेवटी गोल करून २-१ असा जिंकला. त्यानंतरचे काही दिवस इंग्लंडमध्ये चर्चा मात्र रंगली ती एका खेळाडूच्या जर्सीवर नसलेल्या फुलाची. त्याच्या सहकाऱ्यांच्या छातीवर लाल पॉपी होती. नेमान्या मातिच या सर्बियन खेळाडूच्या छातीवर ती नव्हती.

पॉपी हे खसखशीच्या कुळातले रानफूल. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि फ्रान्सच्या रणभूमीवर, तोफांनी उकरलेल्या मातीत ते भरभरून उगवले आणि मेलेल्या सैनिकांची खूण होऊन बसले. १९२१ पासून रॉयल ब्रिटिश लीजन ही संस्था दर शरद ऋतूत कागदी पॉप्या देऊन निधी गोळा करते. तो पैसा माजी सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी खर्च होतो. ११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस. तो जवळ आला की मंत्र्यांच्या कोटावर, दूरचित्रवाणीवरच्या निवेदकांच्या कपड्यांवर आणि अलीकडच्या काळात फुटबॉलपटूंच्या जर्सीवरही हे फूल दिसते. ते लावणे ऐच्छिक आहे, असे लीजन स्वतःच सांगते. पण २०१८ हे युद्धविरामाचे शंभरावे वर्ष होते. ज्याने फूल लावले नाही, तो नजरेत येणारच होता.

दोन दिवसांनी मातिचने इन्स्टाग्रामवर खुलासा केला. त्याचा आशय असा : लोक पॉपी का लावतात हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्या त्या हक्काबद्दल मला आदर आहे. ज्यांनी आपले माणूस गमावले, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. पण माझ्यासाठी हे फूल १९९९च्या बॉम्बहल्ल्यांची आठवण आहे. त्या वेळी मी व्ह्रेलो या खेड्यातला एक घाबरलेला मुलगा होतो. यापूर्वी मी हे फूल लावले होते, पण विचार केल्यावर ते लावणे मला योग्य वाटत नाही.

त्या खुलाशात त्याने आपले तेव्हाचे वय बारा वर्षे सांगितले आहे. त्याचा जन्म १ ऑगस्ट १९८८चा, म्हणजे तो तेव्हा दहा वर्षांचा होता. हा फरक मला खोटेपणाचा वाटत नाही. लहानपणची भीती आपल्याला तारीखवार आठवत नाही. ती आवाजासकट, अंधारासकट, मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांसकट आठवते. २४ मार्च ते १० जून १९९९ असे ७८ दिवस नाटोची विमाने तेव्हाच्या युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकत होती. त्यांत ब्रिटनच्या हवाई दलाची विमानेही होती. आणि पॉपी केवळ दोन महायुद्धांतल्या सैनिकांसाठी नसते. त्यानंतरच्या मोहिमांत लढलेले ब्रिटिश सैनिकही तिच्या कक्षेत येतात. १९९९ची मोहीम त्यांतलीच एक. मातिचची अडचण ती इथे.

आता प्रश्न असा की, परक्या देशात पोटासाठी गेलेला माणूस त्या देशाच्या स्मृतीचे किती देणे लागतो?

आपल्याकडे याचे एक तयार उत्तर आहे : खाल्ल्या मिठाला जागावे. मातिचविरुद्ध जो राग उसळला, त्याचा गाभा हाच होता. इंग्लंडचे पैसे चालतात, मग इंग्लंडचे फूल का चालत नाही? पहिल्यांदा हे वाचले, तेव्हा मलाही या युक्तिवादात काही दम आहे असे वाटले होते. पाहुण्याने यजमानाच्या घरातला दिवा विझवू नये, ही साधी सभ्यता आहे.

पण मीठ कशाचे, हे आधी पाहायला हवे. मातिचची कारकीर्द म्हणजे एका स्थलांतरित कामगाराची, अर्थातच भरघोस मोबदला मिळालेल्या कामगाराची, वाटचाल आहे. लाझारेव्हात्स गावच्या कोलुबारा क्लबातून तो स्लोव्हाकियातल्या कोशित्सेकडे गेला. २००९ मध्ये चेल्सीने त्याला घेतले, पण तिथे त्याला फारसे खेळायला मिळाले नाही. एका हंगामासाठी त्याला नेदरलँड्समधल्या व्हितेसेकडे उसना पाठवले. मग चेल्सीने बेन्फिकाकडून दाव्हिद लुईझला घेतले, तेव्हा त्या सौद्याचा एक भाग म्हणून मातिच पोर्तुगालला गेला. माणूस वस्तूसारखा वटवला जातो हे या धंद्यात कुणी लपवतही नाही. बेन्फिकात तो घडला. २०१४च्या जानेवारीत त्याच चेल्सीने त्याला कितीतरी जास्त किंमत मोजून परत आणले. तिथे दोनदा प्रीमियर लीग जिंकून २०१७ मध्ये तो मँचेस्टरला गेला. पुढे रोम, रेन, लिऑन, सासुओलो. देश मोजले तर मायदेशाबाहेरचे सहा.

मैदानावरची त्याची जागाही अशी की, तिथे टाळ्या कमी मिळतात. बचावफळीच्या पुढे उभे राहायचे, समोरच्याचा हल्ला सुरू होण्याआधीच मोडायचा, चेंडू घेऊन जवळच्या माणसाला द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचे. हे काम त्याने सहाही देशांत इमानाने केले. मिठाला जागणे म्हणतात ते हेच, आणि ते त्याने पुरेपूर पाळले. करारात पाय विकले जातात, वेळ विकला जातो, शनिवार-रविवार विकले जातात. क्लबाच्या रंगाची जर्सी घालणेही त्या करारातच आले. दहा वर्षांच्या मुलाने आकाशाकडे कान लावून काढलेल्या रात्री मात्र त्यात येत नाहीत. त्या विकत घेण्याची सोय नाही. त्याने ‘विकल्या’ असे म्हटले, तरी तो व्यवहार खोटाच ठरेल.

या मिठाच्या न्यायाला आपला इतिहासही साक्षी आहे. ब्रिटिशांच्या हिंदी लष्कराची सारी इमारत ‘नमकहलाल’ या कल्पनेवर उभी होती. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक परदेशी पाठवले गेले. मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेली सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई आणि तिच्यात मराठा पलटणींतले शिपाई होते. पॉपी त्यांचीही आठवण आहे, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याच लष्करातल्या एका अधिकाऱ्याने १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम दिला आणि तो हुकूम पाळणारे शिपाईही मीठ खाल्लेलेच होते. लंडनमध्ये राहणाऱ्या एखाद्या भारतीयाच्या हातात ती कागदी पॉपी आली, तर त्याला कुत आठवावे की अमृतसर? दोन्ही आठवली, तर त्याने फूल लावावे की नाही? याचे उत्तर त्याच्यावतीने दुसऱ्या कुणी देणे मला बरोबर वाटत नाही.

मातिच हा नकार देणारा पहिला नव्हता. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला जेम्स मॅक्लीन २०१२ पासून पॉपी नाकारत आला होता. त्याच्या शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. पॉपी केवळ दोन महायुद्धांतल्या मृतांसाठी असती, तर आपण ती लावली असती, असे त्याने आपल्या क्लबाच्या अध्यक्षांना पत्रातून कळवले होते. तरीही वर्षानुवर्षे त्याला मैदानावर शिव्या खाव्या लागल्या. म्हणजे आपण काय बोलतो आहोत हे मातिचला ठाऊक होते. आधी लावलेले फूल पुढच्या वर्षी न लावणे हा काहींना ढोंगीपणा वाटला. मला ते उलट दिसते. पहिली काही वर्षे सगळे लावतात म्हणून लावले, मग कुठल्याशा क्षणी ‘हे मी काय लावतो आहे?’ असा विचार मनात आला. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत सदसद्विवेक असाच उशिरा जागा होतो.

इथपर्यंत सोपे होते. अवघड भाग पुढे आहे.

१९९९चे ते बॉम्ब कुठून आले? आकाशातून, हे दहा वर्षांच्या मुलाचे उत्तर. तेवढेच उत्तर मोठ्या माणसाला पुरत नाही. नाटोने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता हल्ले केले आणि त्यांत शेकडो नागरिक मेले, हे खरे. त्या आधी आणि त्या काळातही मिलोशेव्हिचच्या राजवटीने कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांना मारले, त्यांची घरे जाळली, लाखोंना सीमेपार हाकलले, हेही तितकेच खरे. व्ह्रेलोत एक मुलगा घाबरून बसला होता, तेव्हा कोसोव्होत त्याच वयाची मुले अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्याला लागली होती. त्यांतली कितीतरी मुले मोठी होऊन आज युरोपातल्या अनेक संघांतून खेळतात. ती त्या ७८ दिवसांकडे सुटका म्हणून पाहत असतील, तर त्यांची आठवण खोटी कशी म्हणावी?

त्या युद्धातली एक घटना या गुंत्याची साक्ष देते. २३ एप्रिल १९९९च्या पहाटे नाटोने बेलग्रेडमधल्या सरकारी दूरचित्रवाणीच्या इमारतीवर क्षेपणास्त्र टाकले. सोळा कर्मचारी मेले. ते केंद्र राजवटीचा प्रचार करत होते, पण मेली ती रात्रपाळीला आलेली साधी माणसे. पुढे सर्बियातल्याच न्यायालयाने त्या केंद्राच्या संचालकाला, धोका असूनही कर्मचाऱ्यांना तिथून हलवले नाही म्हणून, तुरुंगवास ठोठावला. मारणारा परका होता आणि मरणाच्या दारात बसवणारा घरचा. ही दोन्ही वाक्ये एकाच दमात म्हणता येणे कठीण असते. कुठल्याही देशाचे स्मारक ती सहसा एका दमात म्हणत नाही.

म्हणून नकाराचा हक्क मान्य केला, तरी एक कसोटी उरते. नाकारणाऱ्याने परक्याची अपुरी आठवण नाकारताना आपल्या देशाची तितकीच अपुरी आठवण छातीवर लावली का? मातिचचा खुलासा या दृष्टीने पुन्हा वाचला, तर त्यातला मोठेपणा कळतो. त्याने सर्बियाच्या गौरवाची भाषा केली नाही. फूल लावणाऱ्यांना ते काढायला सांगितले नाही. एका खेड्याचे नाव घेतले, एका मुलाची भीती सांगितली आणि प्रत्येक माणूस आपापल्या जडणघडणीतून येतो, असे म्हणून तो थांबला. कोसोव्होबद्दल त्याने एखादे वाक्य लिहिले असते, तर मला अधिक आवडले असते, हे लपवत नाही. पण आपल्या वाट्याची आठवण तेवढीच सांगणे आणि तिला साऱ्या राष्ट्राचा अधिकृत इतिहास न करणे, एवढा संयमही दुर्मीळ आहे. आठवण राष्ट्राच्या हातात गेली की तिला शत्रू लागतो. एका माणसाची राहिली, तर तिला ऐकणारा कुणी असला तरी भागते.

आणि मग कोलुबारा. मातिच ज्या क्लबातून बाहेर पडला, त्याला त्या नदीचे नाव आहे. १९१४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिच्याच परिसरात सर्बियाच्या थकलेल्या सैन्याने ऑस्ट्रिया-हंगेरीला मागे रेटले. त्या युद्धात सर्बिया ब्रिटनचा मित्र होता आणि लोकसंख्येच्या मानाने त्याने भयंकर किंमत मोजली. ११ नोव्हेंबर ही आज सर्बियातही सुट्टी असते. त्या दिवशी तिथले लोकही छातीवर फूल लावतात. ते फूल पॉपी नसते. नातालिया राणीच्या नावाची रामोंदा असते. ही जांभळट फुलांची छोटी वनस्पती पार वाळून गेल्यावरही पाणी मिळाले की पुन्हा हिरवी होते. म्हणजे ज्या मृतांसाठी पॉपी प्रथम उगवली, त्यांच्या शोकात या माणसाचाही वाटा होता. पुढच्या युद्धांनी त्या फुलाचा अर्थ पसरवत नेला आणि तो त्यातून बाहेर पडला.

लाझारेव्हात्सच्या चर्चखाली त्या लढाईतल्या सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत. त्यांत सर्बियन सैनिकांच्या अस्थी आहेत आणि त्यांच्यावर चालून आलेल्या ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांच्याही आहेत. कुणाचे हाड कोणते, हे आता कुणी विचारत नाही. मातिच तरुणपणी त्याच गावात फुटबॉल खेळत होता.