हसऱ्या गाण्याची शिस्त

बोलोन्याचा आद्रियानो बंकिएरी हा ख्रिस्ती मठातला साधू. उपवासाचं पर्व लागण्याआधीच्या गुरुवारी रात्री गाण्यासाठी त्याने रचलेला मॅड्रिगलांचा, म्हणजे अनेक गळ्यांनी गायच्या गाण्यांचा, संग्रह 1608 साली छापला गेला. त्यातल्या एका गाण्यात खर्जातला गायक पंडिती थाटात लॅटिनचं सोंग आणून गातो आणि त्याच वेळी बाकीचे चौघे कुत्रा, मांजर, कोकीळ आणि घुबड होऊन आपापली ओळ गातात. इकडे पैठणला भारुडं रचणाऱ्या संत एकनाथांनी देह ठेवला तो 1599 मध्ये. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेल्या या दोन धार्मिक माणसांनी जवळपास एकाच काळात हसण्यावर विश्वास टाकला.

असं हसू पिकवायला कडक शिस्त लागते. कोकीळ झालेला गायक अर्धी मात्रा चुकला, तर गंमत जाते आणि उरतो तो नुसता गोंगाट. नाथांचं विंचवाचं भारूडही तसंच. सोंग घेणारा कळवळतो, लोळतो, ताल सुटल्यासारखा ओरडतो. मागे झीलकरी मात्र ध्रुपद हलू देत नाहीत, पखवाज जागचा ढळत नाही. सोंग घेणारा नेमका समेवर परत येतो आणि मंडप हसतो. मॅड्रिगलमध्ये निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालतात. आपल्याकडे चाल एकच, म्हणून नाथांनी अनेक गळे माणसांतून आणले: जोशी, गोंधळी, वासुदेव, जोहार घालणारा महार, सासरी गांजलेली सून. गावातला प्रत्येक आवाज त्यांच्या भारुडात बोलला. मला ही त्यांची रचनाकार म्हणून फार मोठी कामगिरी वाटते.

आपण मात्र भारुडाला प्रबोधनाच्या दावणीला बांधून ठेवलं आहे. दारूबंदी, हुंडा, स्वच्छता. विषय आला की भारूड बसवायचं. विषय सगळे खरे आहेत, पण अशा प्रयोगांत पहिल्याच ओळीला उपदेश कळतो आणि खेळ तिथेच संपतो. नाथांनाही काम-क्रोधाबद्दलच बोलायचं होतं, असं कुणी म्हणेल. होतं. पण त्यांचा विंचू आधी चावतो, अर्थ मागून येतो.

भारुडातला एकत्र खेळण्याचा हा भाग हरवल्याचं लातूरमध्ये अधिक टोचतं. 'लातूर पॅटर्न'ने सराव म्हणजे काय ते राज्याला दाखवलं, खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं. त्या सरावात प्रत्येक जण एकटा असतो, शेजारचा स्पर्धक असतो. आपली ओळ न सोडता दुसऱ्याची ऐकायची, हे त्या वेळापत्रकात कुठेच शिकवलं जात नाही. ते शिकायला लांब जावं लागत नाही. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन याच जिल्ह्यातलं. त्यात फेर धरून गातात. गळा आणि पाय एकाच लयीत राखावे लागतात. तिथे चुकलेल्याला सांभाळून घ्यायला शेजारचाच असतो.

लातूरच्या शाळा-महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातला एक तास भारुडाला द्या. जवळच्या गावातल्या भजनी मंडळातला एखादा जुना झीलकरी बोलवा, त्याला रीतसर मानधन द्या. मुलांना सोंगं वाटून द्या, मनसोक्त हसू द्या. आणि कृपा करून त्याला गुण ठेवू नका.