सावड की इर्जिक?

वेब प्रोग्रामर मंडळींच्या मासिक बैठका बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. महिन्यातला एक शनिवार ठरलेला असतो. कुणाच्या ऑफिसातली, कॉलेजातली किंवा क्लासची एखादी खोली मिळते. कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून तयारी करतं आणि समोर बसलेल्या वीस-पंचवीस जणांना आपल्याला जे उमगलं ते तास-दीड तास सांगतं. तिकीट नाही, मानधन नाही, प्रमाणपत्र नाही. पुण्यात लिनक्स, पायथॉन, रूबी, वर्डप्रेस अशा वेगवेगळ्या गटांनी अशा बैठका भरवल्या. सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरणारं ‘ग्नूनिफाय’ किंवा पुणे, मुंबई, नाशिक इथे झालेले वर्डकॅम्प ही त्याच वृत्तीची मोठी रूपं. संभाजीनगरात सगळं लहान प्रमाणात असतं. मी ज्या गटात जातो तिथे पंधरा खुर्च्या भरल्या तरी त्या दिवशी गर्दी झाली असं म्हणतात.

मी पाचोडला राहून घरून काम करतो. बैठकीसाठी आडूळमार्गे पन्नासेक किलोमीटर जायचं आणि रात्री परत यायचं, हा माझा महिन्याचा नेम आहे. वडिलांची मोसंबीची बाग आहे. एकदा त्यांनी विचारलं, “तिथं पैसे भेटतेत का?” म्हटलं, नाही. “मग आपुन द्यावं लागतेत?” तेही नाही. थोडं थांबून ते म्हणाले, “म्हंजे सावड हाय का इर्जिक?”

त्यांच्या दृष्टीने माणसं एकमेकांच्या कामाला येण्याचे हे दोनच सभ्य प्रकार आहेत. मला मात्र हा प्रश्न बरेच दिवस पुरला.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सावड म्हणजे दोघा-तिघांनी आपापले बैल आणि माणसं एकत्र करून आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात काम करायचं. हिशेब तोंडी असतो, पण पक्का असतो. ज्याने सावड फेडली नाही त्याला पुढच्या हंगामात कुणी सोबत घेत नाही. इर्जिकीचं तसं नाही. एखाद्याचं काम अडलं की बाकीचे शेतकरी एका दिवसापुरते आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरतात. तो सगळ्यांना जेवू घालतो आणि त्या जेवणावर व्यवहार मिटतो. पुढे कुणी कुणाचं काही लागत नाही.

सावड म्हणून पाहिलं तर आमची बैठक सपशेल नापास होते. बोलणारे तेच तीन-चार जण असतात. बाकीचे महिनोन्महिने येतात, ऐकतात, वहीत टिपून घेतात आणि जातात. फेड कुणीच करत नाही. सावडीच्या नियमाने यातल्या बहुतेकांना केव्हाच रजा मिळाली असती.

मग ती इर्जिक का? तिथे जेवणाचा प्रश्न येतो. मोठ्या शहरांत बऱ्याचदा एखादी कंपनी हॉल देते, पिझ्झा मागवते आणि मध्येच त्यांचा माणूस उठून पाच मिनिटांत सांगतो की आमच्याकडे भरती चालू आहे. इर्जिकीत जेवण तो घालतो ज्याचं रान नांगरलं जातं. इथे नांगरट होते ऐकणाऱ्याच्या डोक्याची, जेवण घालतो तिसराच, आणि त्याचं लक्ष असतं कुठला बैल जोरकस आहे याकडे. यात मला काही पाप दिसत नाही. खोलीचं भाडं कुणालातरी द्यावंच लागतं. पण ऐकणाऱ्याने स्वतः जेवण घातलेलं नसल्यामुळे ‘जेवणावर मिटलं’ असं म्हणण्याची सोय त्याला उरत नाही.

तिसरं उत्तर आमच्या धंद्यात सगळ्यांत लोकप्रिय आहे: देणं वगैरे काही नाहीच. बैलाचा एक दिवस माझ्या रानात गेला तर तो तुझ्या रानातून वजा होतो. ज्ञानाचं तसं नाही, मी घेतलं म्हणून तुझं कमी होत नाही. वेबचा पायाच या विचारावर आहे. सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचं केलं, कुणीही वापरा, पैसे नकोत म्हणून. १९९५ साली रासमुस लेरडॉर्फने स्वतःच्या वेबपानासाठी लिहिलेली साधनं जगाला खुली केली आणि त्यांतून पुढे पीएचपी ही भाषा वाढली. कुठल्याही पानावर उजवं बटण दाबून ‘व्ह्यू सोर्स’ केलं की समोरच्याने ते कसं बांधलंय हे दिसायचं. कितीतरी जण असेच, न विचारता, दुसऱ्याच्या खिडकीतून पाहून शिकले. मग ऐकणाऱ्यालाच फुकट्या का म्हणायचं?

या युक्तिवादाला जुनं उत्तर आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका घराच्या गॅरेजात ‘होमब्रू कम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. आजच्या अशा सगळ्या गटांचा तो पणजोबा म्हणायला हरकत नाही. अल्टेअर नावाच्या संगणकासाठी बिल गेट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या बेसिकच्या प्रती तिथे हातोहात फिरल्या. त्यावर ३ फेब्रुवारी १९७६ची तारीख घालून गेट्सने हौशी मंडळींना उद्देशून एक उघडं पत्र लिहिलं. सार असं की, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. असं असेल तर व्यावसायिक दर्जाचं काम फुकटात करणं कुणाला परवडेल? तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता.

पत्रावर आजही वाद होतात, पण त्यातला मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रत करायला काही लागत नाही, मूळ वस्तू घडवायला मात्र कुणाच्या तरी रात्री लागतात. आमच्या बैठकीत बोलणाऱ्याचंही तेच. त्याचं ज्ञान कमी होत नाही, पण शनिवार कमी होतो. तीन-चार जणांच्या शनिवारांवर चालणारा गट ती माणसं दमली की बसतो. तेव्हा ‘ज्ञान वाटल्याने वाढतं’ एवढं म्हणून ऐकणाऱ्याला मोकळं होता येत नाही. देणं आहे. ते कशाच्या रूपाने फेडायचं, एवढाच प्रश्न आहे.

नेहमीचं उत्तर असं: आज ऐकलंस, उद्या तू बोल. आपल्या परंपरेत त्याला ऋषिऋण म्हटलं आहे. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं ऋण शिकून आणि शिकवून फेडायचं. कल्पना देखणी आहे, पण तिची रचना उतरंडीची आहे. वर ज्याच्याजवळ आहे तो, खाली ज्याच्याजवळ नाही तो. आणि ती उतरंड कित्येकांना पायथ्याशीही उभं राहू देत नव्हती, हे आपल्याला ठाऊक आहे. शिवाय तिच्यात एक गृहीत आहे की देण्यासारखी गोष्ट म्हणजे उत्तर. माझी शंका नेमकी इथे आहे.

आमच्या एका बैठकीत विषय कुठल्याशा नव्या फ्रेमवर्कचा होता. शेवटी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं, “सर, कुकी आणि सेशन यांत नक्की फरक काय?” प्रश्न पहिल्या धड्यातला. एकाने सांगितलं, कुकी ब्राउझरमध्ये राहते आणि सेशन सर्व्हरवर. दुसरा म्हणाला, पण सेशन ओळखायची किल्ली तर कुकीतच असते. तिसऱ्याने विचारलं, सर्व्हर एकाऐवजी दोन झाले तर सेशन कुठल्या सर्व्हरवर? चौथा म्हणाला, आम्ही सगळंच सही केलेल्या टोकनमध्ये घालतो, सर्व्हरवर काही ठेवतच नाही. मग वापरणाऱ्याला लगेच बाहेर काढायचं झालं तर काय करता? पाऊण तास गेला. खोलीतल्या अनुभवी माणसांना आपापल्या कामातली एकेक भेग दिसली. त्या दिवशी गटाला सगळ्यांत जास्त कुणी दिलं असेल तर तिने.

उघड्यावर विचारलेला प्रश्न हे घेणं नसतं, देणं असतं. ज्यांना तोच प्रश्न होता आणि विचारवत नव्हता त्यांना त्याचं उत्तर मिळतं. ज्यांना आपल्याला उत्तर येतं असं वाटत होतं त्यांना ते तपासून पाहावं लागतं. होमब्रूच्या लोकांना हे कळलं होतं. ली फेल्सेनस्टाइन बैठक चालवायचा तेव्हा तिचे भाग असायचे. त्यांतल्या एकात लोक थोडक्यात सांगायचे, मी काय करतोय, मला काय हवंय, मी कुठे अडलोय. त्यानंतर जो तो उठून आपल्याला हव्या त्या माणसाला गाठायचा. त्या क्लबात पुढे ॲपल घडवणारा स्टीव्ह वॉझनियाक इतका लाजाळू होता की हात वर करून बोलायचा नाही. बैठकीनंतर तो आपलं यंत्र मांडून बसायचा आणि लोक भोवती जमायचे. आपल्या आराखड्याच्या प्रती त्याने तिथे फुकट वाटल्या. न बोलणाऱ्याला फुकट्या ठरवण्याची घाई का करू नये, याला एवढं उदाहरण पुरे.

आता अडचण अशी की उघड्यावर विचारायची गरजच संपत आली आहे. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर जगभरातल्या प्रोग्रामरांनी आपलं अज्ञान चारचौघांत मांडलं आणि अनोळखी लोकांनी उत्तरं दिली. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतर तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली. मीही रोज यंत्रालाच विचारतो. ते चिडत नाही, मध्यरात्रीही जागं असतं, मराठीत विचारलं तरी चालतं. पण त्याला जे येतं त्यातलं बरंच काही पूर्वी माणसांनी उघड्यावर विचारल्यामुळेच जगात लिहिलं गेलं. विहिरीचं पाणी सगळे उपसताहेत आणि पाऊस मात्र आपापल्या टाकीत साठवताहेत, असं काहीसं चाललं आहे.

यात नेमकं काय जातं हे मला बागेमुळे कळतं. पाचोडच्या मोसंबी बाजारात चहाच्या टपरीवर एखादा म्हणतो, “औंदा फळगळ लई हाय राव.” लगेच दुसरा म्हणतो, “आमच्याकडं बी.” त्यातून औषध कळतंच असं नाही. पण खोट एकट्याच्या झाडात किंवा एकट्याच्या हातात नाही, सगळ्या शिवारात काहीतरी चाललंय, हे कळतं. तोच प्रश्न प्रत्येकाने घरी बसून मोबाइलला विचारला तर प्रत्येकाला सल्ला मिळेल, कदाचित अधिक नेमका मिळेल. पण शिवारात काय चाललंय हे शिवारातल्या कुणालाच कळणार नाही. एकट्याने विचारलं की अडचण एकट्याची राहते.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. ‘उघड्यावर विचारा’ हे सांगायला सोपं आहे. सगळ्यांना ते सारख्याच किमतीला पडत नाही. इंग्रजी शाळेतून आलेल्या, मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाने साधा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, किती मोकळा माणूस आहे. तोच प्रश्न खेड्यातून आलेल्या पोराने अडखळत विचारला की म्हणतात, याला एवढंही येत नाही. खोलीत एकटीच मुलगी असेल तर तिच्या प्रश्नाकडे मुलींना काय येतं याचा पुरावा म्हणून पाहणारे महाभाग आजही आहेत. अशांना यंत्राच्या एकांतात जी सुटका मिळते ती खरी आहे. लाज वाचवून शिकायला मिळणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि ती सोडा असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

म्हणूनच देणं कुणाचं हे उलटं मोजायला हवं असं मला वाटतं. ज्याची लाज स्वस्त आहे त्याने ती आधी खर्च करावी. ज्याची नोकरी पक्की आहे, नाव झालेलं आहे, ज्याच्या अज्ञानाला कुणी अज्ञान म्हणणार नाही, त्याने बैठकीत पहिला साधा प्रश्न विचारावा. दहा वर्षं काम केलेल्या माणसाने उभं राहून “हे मला कळत नाही” असं म्हटलं की त्या खोलीतला न कळण्याचा भाव खाली येतो आणि मागच्या बाकावरच्यालाही तो परवडू लागतो. भाषण देऊन फिटतं त्यापेक्षा जास्त ऋण यातून फिटतं, कारण भाषणाने वक्त्याची उंची वाढते आणि या वाक्याने थोडी कमी होते.

हे सावडीत बसत नाही, कारण मोजता येत नाही. इर्जिकीतही बसत नाही, कारण एका जेवणावर मिटत नाही. आमच्या गटात हल्ली एक पद्धत आम्ही पाडली आहे. सुरुवातीला जुनी मंडळी पाळीपाळीने त्या महिन्यात आपल्याला न उमगलेली एक गोष्ट सांगतात. पहिल्या दोन वेळा सगळे जरा अवघडले होते. आता त्यातच अर्धा तास जातो आणि ठरलेला विषय कधीकधी राहून जातो.

हे देणं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे ते बुडवलं तर कुणी दारात येत नाही. असे गट भांडून मोडत नाहीत. एका महिन्यात वक्ता मिळत नाही, पुढच्या महिन्यात खोली मिळत नाही, तिसऱ्या महिन्यात कुणी विचारत नाही. कुणाचं काही नुकसान झालंय असंही वाटत नाही, कारण उत्तरं सगळ्यांच्या खिशात असतात. फक्त त्या चौथ्या महिन्यात कुकी आणि सेशनचा प्रश्न घेऊन येणार असलेली कुणी एक घरीच थांबते, आणि आपण काय ऐकायचं राहिलो हे उरलेल्यांना कधी कळत नाही.